काजव्यांच्या वाटेवरचे दिवे मालवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मे महिना सरत आला की आपल्या वृत्तपत्रात भंडारदऱ्याच्या काजव्यांचा फोटो येतो. गडद अंधारात एक झाड, आणि त्याच्या फांद्यांवर, बुंध्यावर, खालच्या गवतावर हजारो हिरवट-पिवळे ठिपके. फोटो सुंदर असतो. मी दरवर्षी तो कापून ठेवतो. यंदा तो छापाल तेव्हा त्याच्याखाली एक ओळ जास्तीची छापावी, एवढीच विनंती करायला बसलो होतो. लिहिता लिहिता लक्षात आलं की मनात बरंच साचलेलं आहे. पत्र लांबलं तर सांभाळून घ्यावं.

ती ओळ अशी : हे दृश्य एका क्षणाचं नाही. कॅमेरा स्टँडवर लावून, त्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवून काढलेले अनेक फोटो एकावर एक चढवले की असं चित्र तयार होतं. डोळ्यांना असं दिसत नाही. डोळ्यांना दिसतं ते याहून वेगळं आहे, आणि माझ्या मते याहून मोठं आहे. एका झाडावरचे शेकडो काजवे एका ठेक्यात उजळतात आणि एका ठेक्यात विझतात. झाड क्षणभर असतं, क्षणभर नसतं. पण मुंबई-पुण्याहून पाच तास गाडी चालवून आलेल्या माणसाच्या डोक्यात तो फोटो असतो. समोर तेवढे ठिपके दिसले नाहीत की तो मोबाइलचा टॉर्च लावून झाडावर मारतो. कुठे गेले काजवे, म्हणून. आणि मग जे होते तेही विझतात.

मी एसटीत चालक होतो. एकतीस वर्षं स्टेअरिंग धरलं, त्यातली शेवटची चौदा अकोले तालुक्यात. घाटघरच्या बाजूची मुक्कामी गाडी माझ्याकडे बरीच वर्षं होती. ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं धरण, धरणाच्या तोंडाशी शेंडी गाव. तिथून जलाशयाच्या एका अंगानं मुरशेत, पांजरे, उडदावणे करत रस्ता घाटघरला जातो, तर दुसऱ्या अंगानं रतनवाडी, साम्रद. घाटघरच्या पुढे कडा तुटतो आणि खाली कोकण. एका बाजूला कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. त्याच रांगेत अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले. दुसऱ्या बाजूला रतनगड. पावसाळ्यात पेपरात भंडारदरा पाणलोटाच्या पावसाचे आकडे येतात, त्यात घाटघर आणि रतनवाडी ही नावं आपण दरवर्षी वाचत असाल. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली ते जाहीर झालं, क्षेत्र सुमारे ३६० चौरस किलोमीटर. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली. त्यात महाराष्ट्रातली चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. आमचं नाव त्यात नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण आज त्याविषयी लिहायचं नाही.

मुक्कामी गाडीचं सांगतो. तिन्हीसांजेला निघायचं, रात्री गावात पोचायचं, गाडी देवळापुढे लावायची, गावातून आलेली भाकरी खायची, गाडीतच आडवं व्हायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत. एका जूनच्या सुरुवातीला, वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते, पांजऱ्याच्या पुढच्या एका वळणावर समोरचं हिरड्याचं झाड सगळं पेटल्यासारखं दिसलं. गाडीचे दिवे त्याच्यावर पडले मात्र, झाड काळं झालं. मला वाटलं डोळ्यांना भास झाला. मागच्या सीटवर बाजार करून परतणारी एक म्हातारी होती. ती तिथूनच म्हणाली, "डायवरदादा, दिवा मालव घडीभर. लगीन लागतंय त्यांचं."

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दिवे घालवले. गाडीत पंधरा-सोळा माणसं असतील. कुणी बोललं नाही. कंडक्टरनं पेटीवर ठेवलेला हातसुद्धा उचलला नाही. आधी काहीच दिसेना. मग खालच्या झुडपात एक टिपका, मग वरच्या फांदीवर दोन, आणि थोड्या वेळानं सगळं झाड परत एका ठेक्यात चालू झालं. त्या दिवसापासून मोसमात त्या वळणावर मी दोन मिनिटं दिवे मालवून थांबायचो. वेळापत्रकात ते बसत नव्हतं हे कबूल करतो. पण त्या फेरीच्या एकाही प्रवाशानं उशिराची तक्रार केली नाही.

म्हातारी म्हणाली ते अक्षरशः खरं आहे, हे मला पुढे वाचनातून कळलं. काजवा हा भुंग्याच्या जातकुळीतला कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाशी एक रसायन असतं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग झाला की उजेड पडतो, आणि त्या उजेडाला उष्णता जवळजवळ नसते. नर उडत किंवा फांदीवर बसून लुकलुकतात. मादी बहुधा खाली, झुडपात किंवा गवतात बसून उत्तर देते. काही जातींत तर मादीला उडता येईल असे पंखच नसतात. दोघांनी एकमेकांना ओळखायचं ते त्या लुकलुकण्याच्या तालावरून. दुसरी खूण नाही, हाक नाही. पंख फुटलेला काजवा जगतो जेमतेम दोन-तीन आठवडे, आणि त्या दिवसांत पुष्कळ जातींचे काजवे फारसं खातही नाहीत. त्यांना तेवढ्या रात्रींत जोडीदार शोधायचा, मादीनं ओल्या मातीत, पाचोळ्यात अंडी घालायची, की संपलं. त्याआधीचे कितीतरी महिने तो अळीच्या रूपात जमिनीवर, पाचोळ्याखाली काढतो, गोगलगायी खाऊन. आपण "काजव्यांचा मोसम" म्हणतो तो त्यांच्या आयुष्यातला शेवटचा तुकडा असतो.

आता त्या तुकड्यात आपण काय करतो ते सांगतो.

गेल्या जूनच्या पहिल्या शनिवारी मी नातीला घेऊन गेलो. ती आठ वर्षांची आहे, पुण्यात असते, आजोबांच्या गोष्टीतलं झाड तिला बघायचं होतं. साडेसातला शेंडीतून निघालो. मुरशेतच्या पुढे रांग लागली ती हलेना. मी मोजलं, नजरेच्या टप्प्यात माझ्यापुढे बासष्ट गाड्या होत्या. मोजायची सवय जुनी आहे. सगळ्यांचे दिवे चालू. आमच्या बसला २४ व्होल्टचे पिवळट बल्ब असायचे, डिपर मारला तर चार हात पुढचं दिसायचं. या गाड्यांना पांढरे झोत, आणि कित्येकांच्या बंपरवर एलईडीच्या पट्ट्या. सगळी दरी दुधासारखी पांढरी झालेली. दोन गाड्यांतून गाणी लावलेली. एका पोराच्या हातात पाण्याची बाटली होती, त्यात त्याच्या वडिलांनी सहा-सात काजवे धरून घातले होते. ते वडील काही दुष्ट नव्हते. मी जवळ जाऊन सांगितलं, साहेब, यांना एवढ्याच रात्री असतात. तर त्यांनी मुलाकडून लगेच झाकण उघडवलं. पण त्यांना हे आधी कुणी सांगितलेलंच नव्हतं.

रस्त्याकडेच्या झुडपांत लोक शिरत होते. ज्या गवतात मादी बसलेली असते, त्याच गवतात पाय. फोटोसाठी झाडाखाली उभे राहत होते, अंगावर टॉर्च मारून घेत होते. साडेआठच्या सुमारास मागून एक जीप हॉर्न वाजवत आली. वरच्या वाडीतला एक म्हातारा दम लागून बेजार झाला होता, त्याला राजूरला न्यायचं होतं. पुढे जायला वाट नाही, मागे फिरायला जागा नाही. नातीला एका ओळखीच्या घरी ठेवलं, रस्त्यात उतरलो आणि एकेक गाडी मागेपुढे करून वाट काढायला लागलो. जीप निघायला पस्तीस मिनिटं लागली. म्हातारा वाचला, देवाची कृपा. त्या रात्री माझ्या नातीनं काजवे पाहिले ते तीन. एक खिडकीच्या गजावर बसला होता, दोन उंबराच्या पानात.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, नात झोपल्यावर मी एकटा परत गेलो. एका आडबाजूच्या वाटेवर, जिथून अधूनमधूनच गाडी जाते, एका बेहड्यासमोर घड्याळ घेऊन बसलो. गाडी गेली की झाड विझतं. परत पहिला टिपका दिसायला दोन-तीन मिनिटं लागतात. पूर्ण झाड पहिल्यासारखं तालात यायला मी मोजली ती वेळ पाच ते सात मिनिटांची निघाली. मी शास्त्रज्ञ नाही, माझं घड्याळ साधं आहे, एका झाडावरचा हा माझा अनुभव. पण हिशेब तुम्हीच करा. संध्याकाळी साडेसात ते दहा हा त्यांचा मुख्य वेळ. मोठ्या रस्त्यावर शनिवारी दर अर्ध्या मिनिटाला एक गाडी जाते. म्हणजे रस्त्याकडेचं झाड त्या रात्री तालात येतच नाही. काजव्याच्या वाट्याला पंधरा-वीस रात्री, त्यातल्या शनिवार-रविवारच्या अशा गेल्या. आता तर सुट्टी काढून लोक शुक्रवारीही येतात. उरल्या किती? त्यात चांदण्या रात्री काजवे तसेही कमी लुकलुकतात.

जगभरच्या काजव्यांच्या अभ्यासकांना विचारून केलेली एक पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. काजव्यांना सर्वांत मोठा धोका कशाचा? पहिलं उत्तर, राहण्याची जागा नष्ट होणं. दुसरं, रात्रीचा कृत्रिम उजेड. तिसरं, कीटकनाशकं. आमच्याकडे तिन्ही आहेत, हे मी झाकून ठेवणार नाही. चैत्रात डोंगराला वणवे लागतात तेव्हा पाचोळ्यातल्या अळ्या भाजून निघतात. रस्ता रुंद करताना कडेचे हिरडे, सादडे, जांभळी जातात, आणि काजव्यांना नेमकी तीच झाडं प्रिय. या गोष्टी आवरायला वर्षं लागतील. उजेडाचं मात्र तसं नाही. झाड तोडलं तर परत उभं राहायला चाळीस वर्षं लागतात. दिवा मालवायला एक बोट पुरतं.

इथे अभयारण्याच्या कायद्याविषयी थोडं बोलतो, कारण गावात त्यावरून मनं दुखावलेली आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७व्या कलमाप्रमाणे अभयारण्यात कुणीही उठून जाऊ शकत नाही. तिथे राहायला परवानगी असलेले, तिथे जमीनजुमला असलेले, कामावरचे सरकारी नोकर, सार्वजनिक रस्त्यानं पार होणारे, अशांना मोकळीक आहे. बाकीच्यांना परवाना लागतो, आणि पर्यटन हे परवाना देण्याचं एक कारण कायद्यानंच मान्य केलेलं आहे. म्हणजे पर्यटक हा परवान्यावर आलेला पाहुणा आहे. परवाना देणाऱ्याला अटी घालता येतात. कचरा टाकू नये हे तर त्याच कलमात लिहिलेलं आहे.

आमचा महादेव कोळी, ठाकर माणूस या कायद्याखाली गेली चाळीस वर्षं राहतोय. सरपणाची मोळी आणायची तर नियम, गुरं सोडायची तर नियम. त्यानं ते पुष्कळसे पाळले, म्हणून तर हिरडे उभे आहेत. बाळहिरडा वेचून विकणारी बाई हिरड्याचं झाड तोडत नाही. मग तिच्या दारावरून रात्री साडेनऊला बासष्ट गाड्या झोत टाकत जातात तेव्हा ती मला विचारते, "भाऊ, नेम काय आमच्यापुरतेच का?" माझ्याकडे उत्तर नसतं.

यावर काही मंडळी म्हणतात की काजव्यांचं पर्यटन साफ बंद करा. मला ते पटत नाही. या भागातली माणसं उन्हाळ्यात मजुरीला नारायणगाव, जुन्नरकडे जातात. बसच्या टपावर बोचकी, आत पोरंबाळं, असे कितीतरी संसार मी माझ्या गाडीतून नेले आहेत. मे अखेरीस पेरणीच्या तोंडावर हातात पैसा नसतो. गेल्या काही वर्षांत काजव्यांमुळे तंबू, जेवण, वाटाड्या अशी कामं गावातच मिळायला लागली. पिठलं-भाकरी करून देणाऱ्या बायकांनी त्या पैशातून भाताचं बियाणं घेतलेलं मी पाहिलंय. नागली-वरईच्या जिवावर दिवस काढणाऱ्याला हे चार आठवडे फार मोलाचे असतात. ते काढून घेतले तर काजवा हा त्यांचा शत्रू होईल. आणि काजवे गेले तरी हे चार आठवडे जातीलच. तेव्हा गर्दी येऊ द्या, गाड्या येऊ देऊ नका. मला सांगायचं आहे ते एवढंच.

हे काही अशक्य नाही. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकाची मोटार जात नाही. माणसं चालत जातात, घोड्यावर जातात, छोट्या रेल्वेनं जातात, आणि हॉटेलं भरलेली असतात. कासच्या पठारावर फुलांच्या मोसमात दिवसाला ३००० माणसांचीच मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीच्या हातात आहे. कर्नाटकात बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. रुग्णवाहिका आणि ठरलेल्या मोजक्या बसच सोडतात. तो तर दोन राज्यांना जोडणारा रस्ता. आमचा शेंडी-घाटघर रस्ता पुढे कड्यावर संपतो. त्यावरून रात्री कुणाला कुठे परगावी जायचं नसतं.

आणि आपल्याच राज्यातलं पेंच. २०२४च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं "डार्क स्काय पार्क" म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे जिथे रात्रीचा अंधार जपला जातो असं वन. तिथे काय केलं? जवळच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून त्यांची तोंडं जमिनीकडे केली. दिवा आहे, पण उजेड पायापुरता. ही बातमी मी आमच्या ग्रामपंचायतीत वाचून दाखवली होती. कारण गावात दिव्याची गरज खरी आहे. आमच्याकडे बिबट्या येतो, पावसाळ्यात फुरसं निघतं, म्हाताऱ्या माणसाला रात्री बाहेर जावं लागतं. गावाला अंधारात ठेवा असं म्हणणारा माणूस गावात राहिलेला नसतो. पण उंच खांबावरचा पांढरा झोत, जो अर्धा डोंगर उजळतो, तो गावकऱ्याच्या पायाखाली काही जास्त उजेड पाडत नाही. त्याच खर्चात चार खाली तोंड केलेले पिवळे दिवे बसतील. आणि जलाशयाकाठच्या तंबूवाल्यांनी माळा आणि फोकस त्या चार आठवड्यांपुरते उतरवावेत. त्यांच्याकडे येणारा पाहुणा अंधार पाहायलाच येतो.

माझी मागणी आता स्पष्ट लिहितो. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस जोर धरेपर्यंत, संध्याकाळी सहानंतर बाहेरच्या खासगी गाड्या शेंडीच्या अलीकडे उभ्या कराव्यात. गावकऱ्यांच्या गाड्या, रुग्णाच्या गाड्या, ज्यांची गावात मुक्कामाची नोंदणी आहे आणि जे दिवसाउजेडी पोचले आहेत असे, यांना अडवू नये. बाकी सगळ्यांना पुढे एसटीनं न्यावं.

एसटीनंच का, तर मी एसटीवाला आहे म्हणून नव्हे. साधी बस चव्वेचाळीस माणसं नेते. चौघांची एक गाडी धरली तर एका बसनं अकरा गाड्या रस्त्यावरून काढल्या. त्याहून महत्त्वाचं, बस ठरलेल्या वेळेला जाते. दर अर्ध्या तासाला एक बस गेली, तर मधली पंचवीस-अठ्ठावीस मिनिटं रस्ता काळा राहतो. झाडाला तालात यायला सात मिनिटं लागतात असं धरलं, तरी बाकीची वीस मिनिटं त्याची. म्हणजे बस जाऊनही झाड जिवंत राहतं. दिवे न लावता गाडी चालवा असं मी कुणालाही कधी सांगणार नाही. तो घाटरस्ता आहे, चालकाची पहिली जबाबदारी प्रवासी. चालत्या गाडीचे दिवे लागलेच पाहिजेत, पण डिपरवर, आणि थांब्यावर उभी राहिली की इंजिन, दिवे, आतले दिवे, सगळं बंद. उतरलेल्या माणसांना दहा-बाराच्या टोळीनं गावातला वाटाड्या घेऊन जाईल, ठरलेल्या पायवाटेनं. विजेरी फक्त त्याच्या हातात, तिच्यावर लाल जिलेटिनचा कागद. मोबाइल खिशात. वाटाड्याचा मेहनताना तिकिटातच धरावा, म्हणजे त्याला कुणापुढे हात पसरायला नको. शेवटची परतीची बस साडेदहाची. त्यानंतरची रात्र काजव्यांची आणि गावाची.

यात माणसं कमी येतील का? सुरुवातीला थोडी कमी येतील. पण आज येणारा माणूस तीन तास गाडीत बसून, काच वर करून, समोरच्या गाडीचे लाल दिवे पाहून परत जातो. घोटीच्या रस्त्यानं मुंबईला पोचेपर्यंत पोरं झोपलेली असतात, आणि पुढच्या वर्षी ते कुटुंब येत नाही. मी बोललोय अशांशी. ज्यानं अंधारात उभं राहून एकदा ते झाड पाहिलं, तो दहा वर्षं येतो.

आपल्याला, संपादक महाराज, दोन गोष्टी मागतो. एक, फोटोखालची ती ओळ. दुसरी, फोटोबरोबर त्या मोसमातली अमावास्येची तारीख आणि "शनिवार-रविवार सोडून या" एवढा मजकूर. तुमचा पेपर वाचून लोक निघतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बारीच्या चहाच्या टपरीवर तुमच्या फोटोची घडी उलगडून "हे झाड कुठे आहे?" म्हणून विचारणारे मला भेटलेत.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. आमच्याकडे दर १ जूनला आगारात गाडीला हार घालतात, पेढे वाटतात. तीच तारीख काजव्यांच्या ऐन मोसमात येते. येत्या १ जूनच्या संध्याकाळी शेंडीहून घाटघरला अशी पहिली बस सोडावी. माझं वय झालं, स्टेअरिंग मला आता कुणी देणार नाही आणि देऊही नये. पण चालकाच्या डाव्या बाजूच्या पहिल्या सीटवर मी बसेन, पैसे न घेता, मोसम संपेपर्यंत रोज. पांजऱ्याच्या पुढे ते वळण आलं की नव्या चालकाला सांगेन, इथे कडेला घे, आता मालव.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी चालक
ता. अकोले, जि. अहिल्यानगर